बत्तिसांतले एक मत

आपल्या मंडळाच्या सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. अक्षर बरे आहे म्हणून ते माझ्या गळ्यात पडले आणि मीही आनंदाने पत्करले. परंतु यंदाच्या वर्धापनदिनाचा खर्च ठरविण्यासाठी जी सभा झाली, तिच्या इतिवृत्तात माझ्या हातून एक चूक झाली. ती शुद्धलेखनाची नव्हती, आकड्यांचीही नव्हती. ती कोणती हे मी लेखाच्या शेवटी सांगेन. कारण ती चूक आहे हे मला कळायला पुण्याच्या नगरपालिकेचा सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा इतिहास वाचावा लागला.

सभेत काय झाले ते पुष्कळजणींना ठाऊक आहेच. दारात कमान, विजेच्या माळा, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि फराळ असा खर्च मांडला गेला. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कडेला बसलेल्या एक वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "कमान एक दिवस राहील. आपल्या सभागृहाच्या जिन्याला कठडा नाही आणि वरच्या वळणावर दिवा नाही. शिवणवर्गाच्या मुली रोज संध्याकाळी अंधारात चाचपडत उतरतात. त्या पैशात आधी ते करावे." दोन क्षण कोणीच बोलले नाही. मग कोणीतरी म्हणाले, "अहो वहिनी, पाहुणे रोज का येतात?" सगळ्या हसल्या. हात वर झाले. विरुद्ध फक्त एक हात होता. खरे सांगायचे तर मला त्या वहिनींचा थोडा रागच आला होता. शुभकार्यात हा अपशकुन कशाला, असे मनात आले.

त्यानंतर चार दिवसांनी वाचनालयातून आणलेले महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र वाचीत होते. जोतीरावांनी मुलींसाठी शाळा काढली, सावित्रीबाईंनी शेणमाती सोसून शिकविले, हे आपण शाळेत वाचलेले असते. मीही तेवढेच जाणत होते. ते पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते ही गोष्ट मात्र मला नवी होती. १८७६ ते १८८२ अशी सहा वर्षे ते नगरपालिकेत होते. आणि तेथे एकदा एका खर्चाच्या ठरावाला बत्तीस सभासदांपैकी विरोध करणारे ते एकटे होते. हे वाचले आणि पुस्तक मांडीवर तसेच राहिले. डोळ्यांसमोर आपली सभा आली.

तेव्हाची नगरपालिका म्हणजे काय होती, हे आधी पाहिले पाहिजे. १८५० सालच्या २६ व्या कायद्याने आपल्याकडच्या शहरांना नगरपालिका स्थापन करण्याची वाट मोकळी झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस पुण्याची नगरपालिका कामाला लागली. रस्ते झाडणे, दिवे लावणे, पाणी पुरविणे, घाण वाहून नेणे ही तिची कामे. पैसा यायचा मुख्यतः जकातीतून आणि घरपट्टीसारख्या करांतून. म्हणजे शहराच्या नाक्यावरून धान्याची गोणी किंवा भाजीची पाटी आत आली की तिच्यामागे नगरपालिकेच्या तिजोरीत काहीतरी पडायचे. ते अखेर कोणाच्या खिशातून जायचे? विकणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि चूल पेटविणाऱ्या बाईच्या. परंतु तो पैसा कशावर खर्चावा हे ठरविणाऱ्या सभेत त्या शेतकऱ्याचा माणूस नव्हता, आणि बाईचे तर नावच नको. सभासद निवडून येत नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. १८८१ च्या खानेसुमारीत पुणे शहराची वस्ती, लष्कर सोडून, एक लाखाच्या घरात होती. एवढ्या वस्तीचा जमाखर्च मूठभर नेमलेली मंडळी पाहत असत.

अशा सभेत सरकारने जोतीरावांना नेमले, याचे पहिल्याने नवल वाटते. परंतु त्या वेळी ते पुण्यातले नावाजलेले गृहस्थ होते. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली होती, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. शिवाय ते नुसते सुधारक नव्हते, बांधकामाचे ठेकेदारही होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला लागणारा दगड-चुना पुरविण्यात आणि कात्रजच्या बोगद्याच्या कामात त्यांचा हात होता. गवंड्याला किती द्यावे लागते, चुन्याच्या घाणीला किती पडते, सरकारी कामात पैसा कोठे गळतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. म्हणून सभेत त्यांनी खर्चाविरुद्ध हात वर केला तर "तुम्हांला यातले काय कळते?" असे त्यांना कोणी म्हणू शकत नसे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सभासद होण्याच्या आठ वर्षे आधी, १८६८ साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला होता. पाणी ही शहराच्या सुरक्षिततेची पहिली गोष्ट. ज्याच्या घागरीत स्वच्छ पाणी नाही त्याला शहरात राहूनही शहर नाही. सार्वजनिक पैशातून ते सर्वांना मिळावे म्हणून थांबून न राहता त्यांनी आपल्या अंगणापासून सुरुवात केली. नगरपालिकेत जाऊन बसलेला माणूस हा असा होता.

त्यांच्या सभासदत्वाची पहिली वर्षे म्हणजे १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाची वर्षे. दख्खनच्या खेड्यांतून माणसे शहराच्या वाटेला लागली होती. सत्यशोधक समाजाने १८७७ साली धनकवडी येथे अन्नान्न झालेल्या मुलांसाठी बालाश्रम उघडला. जोतीरावांनी त्यासाठी लोकांना मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाई त्या वर्षी जुन्नरच्या बाजूला होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे वर्णन आहे. एक रुपयात किती पोरांच्या तोंडी घास पडतो हे ज्या घरात रोज मोजले जात होते, त्या घरातला माणूस नगरपालिकेच्या जमाखर्चाकडे वेगळ्याच डोळ्यांनी पाहणार, यात आश्चर्य नाही.

आता त्यांच्या तीन मतांविषयी सांगते. तिन्ही मते पैशाविषयी आहेत आणि तिन्ही माणसांच्या सुखरूपतेविषयीही आहेत.

पहिले दारूच्या दुकानांविषयी. १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारीचा कायदा झाला. दारूपासून सरकारला उत्पन्न होई, आणि दुकानांचे परवाने देणे सरकारच्या हाती होते. पूर्वी आडबाजूला असणारी दुकाने आता भर वस्तीत येऊ लागली. १८८० साली जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाचे काम पाहणाऱ्या प्लंकेट साहेबांना यासंबंधी पत्र लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता : नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी आरोग्यखात्यावर मोठा खर्च करते, मग त्याच लोकांच्या आरोग्याची आणि नीतीची धूळधाण करणारी दुकाने त्यांच्या दारात कशी उघडू द्यायची?

भगिनींनो, हा मुद्दा नीट पाहा. त्यांनी नुसता दारू वाईट असा उपदेश केला नाही. तो तर कीर्तनकारही करीत होते. त्यांनी जमाखर्चाच्या वहीत बोट ठेवले. एका हाताने औषधाला पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने दुखणे घरात आणायचे, हा कोणता हिशेब? दारूच्या दुकानाचा खरा खर्च परवान्याच्या वहीत लिहिलेला नसतो. तो फुटलेल्या भांड्यांत, उपाशी निजलेल्या मुलांत आणि रात्री दार ठोठावल्यावर दचकणाऱ्या बाईत लिहिलेला असतो. ज्यांच्या गल्लीत असे दुकान होते किंवा आहे त्यांना मी हे वेगळे सांगायला नको. त्या काळी बाईला सभेत जागा नव्हती. पण तिच्या घरातला हा खर्च सभेपुढे मांडणारा एक सभासद तरी होता.

दुसरे मत व्हाइसरॉयच्या स्वागताचे. १८८० च्या सुमारास हिंदुस्थानचे व्हाइसरॉय पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावे अशी सूचना सभेपुढे आली. जोतीराव म्हणाले की हा पैसा स्वागतावर उधळण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. ठराव मताला टाकला गेला. बत्तिसांपैकी विरुद्ध मत एकट्या जोतीरावांचे पडले.

मी बाकीच्या एकतीस जणांना दोष देत नाही. कोणत्या तोंडाने देऊ? सरकारने नेमलेले सभासद, सरकारचा सर्वांत मोठा अधिकारी गावात येणार, आणि त्याच्या स्वागताला नाही म्हणायचे? शिवाय आपल्याकडे पाहुण्याला दारात रांगोळी नसली तर घराची अब्रू जाते, ही समजूत काही साहेबांनी आणलेली नव्हे. ती आपलीच आहे. त्या एकतीस जणांत चांगले, विद्वान, गावाची कळकळ असलेले लोक असतीलच. त्यांना फक्त एवढेच वाटले असेल की एवढ्या लहानशा गोष्टीसाठी वाईटपणा कशाला घ्यावा. आपल्या सभेत मला नेमके तेच वाटले होते.

परंतु जोतीरावांना हे ठाऊक होते की खर्चाच्या मोठ्या गोष्टी कधी मोठ्या म्हणून सभेत येत नाहीत. त्या लहान होऊन येतात. एवढ्यापुरते, या वेळेपुरते, पाहुण्यांपुरते, असे म्हणत येतात. आणि शाळेचा, पाण्याचा, दिव्याचा प्रश्न निघाला की तीच सभा गंभीर होऊन सांगते, "तिजोरीत पैसा नाही." पैसा कमी असतो हे खरेच. म्हणूनच तो आधी कोणाला मिळतो हे पाहावे लागते.

तिसरे मत मंडईचे. त्या वेळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी दगडी मंडई बांधायचे ठरविले. काम लाखोंच्या घरातले होते. जोतीरावांनी याही खर्चाला विरोध केला. मुलांच्या शिक्षणाला पैसा नाही म्हणणाऱ्या नगरपालिकेने आधी शाळांकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे.

हे मत वाचताना मी थबकले. जोतीराव स्वतः माळी समाजातले. फुले आणि भाजीपाला हाच त्यांच्या घराण्याचा धंदा. भाजी विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर यावे याला त्यांनी विरोध करावा, हे कसे? विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. १८८३ साली त्यांनी लिहून पुरा केलेला 'शेतकऱ्याचा असूड' ज्यांनी वाचला आहे त्यांना माहीत आहे की शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्याकडून म्युनिसिपालिटी घेते त्या जकातीविषयी त्यांची तक्रार होती. इमारत सुंदर उभी राहील, पण तिचा बोजा शेवटी पाटीवाल्याच्याच पाटीवर पडेल, आणि त्याचे पोर मात्र शाळेबाहेरच राहील, ही त्यांना धास्ती असावी. हा माझा तर्क आहे. भगिनींनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

मंडई झालीच. १८८६ साली तिचे उद्घाटन झाले, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले आणि लोक तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. आठ कोनांची ती इमारत, मधला उंच मनोरा, आत गोल फिरणारे गाळे, हे आपण सर्वजणी लहानपणापासून पाहत आलो. आईचे बोट धरून मी तेथे पहिल्यांदा गेले तेव्हा मान वर करून मनोरा पाहता पाहता एका बाईच्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाय दिला होता, आणि तिचे बोल अजून कानांत आहेत. त्या मंडईने किती कुटुंबे पोसली याचा हिशेब नाही. तेव्हा जोतीरावांचे हे तिसरे मत चुकले असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. पावसात उघड्यावर बसणाऱ्या बाईला छप्पर हवेच होते. एकटा माणूस विरुद्ध उभा राहिला म्हणजे तो प्रत्येक वेळी बरोबरच असतो असे नाही. परंतु त्याने विचारलेला प्रश्न बरोबर असू शकतो, आणि इमारत उभी राहिली तरी तो प्रश्न उभाच राहतो.

तो प्रश्न जोतीरावांनी सोडला नाही. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, आणि रयतेकडून जो स्थानिक कर घेतला जातो त्याचा निम्मा भाग तरी प्राथमिक शिक्षणावरच खर्च व्हावा, असे त्यांत मागितले. म्हणजे नगरपालिकेच्या सभेत जे मत एकटे पडले, तेच त्यांनी सरकारच्या आयोगापुढे नेले.

पुढे काळ बदलला. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत निदान निम्मे सभासद निवडून येण्याची सोय झाली. मत फक्त मिळकतवाल्यांना आणि करदात्यांनाच, हे खरे. पण नेमणुकीची जागा निवडणूक घेऊ लागली. जोतीराव १८९० साली गेले.

सहा वर्षांनी, १८९६ च्या अखेरीस, पुण्यात प्लेग आला. शहर सुरक्षित राखणे म्हणजे काय, याचा धडा त्या साथीने सर्वांना दिला. १८९७ च्या आरंभी सरकारने रँड साहेबांच्या हाताखाली खास प्लेग समिती नेमली आणि घरे तपासायला गोरे शिपाई पाठविले. स्वयंपाकघरात, देवघरात बूट शिरले. बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या. जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली. हा सर्व इतिहास आपण जाणतो. त्याच्याच बाजूला एक शांत गोष्ट घडत होती. हडपसरजवळ सासाण्यांच्या मळ्यात सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तेथे आणले, असे सांगतात. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शिपाई पाठवूनही जे साधले नाही ते सहासष्ट वर्षांची एक बाई आपल्या पाठीवरून नेत होती. शहराची सुरक्षितता नुसत्या हुकमाने होत नाही. लोकांचा ज्यावर विश्वास आहे असे माणूस लागते, आणि त्यामागे वेळेवर खर्च केलेला पैसा लागतो.

पुन्हा एकदा पुण्याची नगरपालिका पैशाच्या प्रश्नावर आली ती १९२० साली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिकार १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना मिळाला होता. वाद असा पडला की सक्ती मुलामुलींना एकदमच करावी, की आधी मुलांना करून पैसा होईल तेव्हा मुलींना करावी. कारण तेच, जुने आणि ओळखीचे : तिजोरी अपुरी आहे. या वेळी मात्र एक फरक पडला. सेवासदनाच्या रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबर पुण्याच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे पुरुष त्यांच्या बाजूने उभे राहिले. चाळीस वर्षांपूर्वी सभेत एकच हात होता. आता सभेबाहेर स्त्रियांची मिरवणूक होती. पैसा नाही तर मुलीच का थांबायच्या, हा त्यांचा सवाल होता. मला वाटते, जोतीरावांचे एकटे मत त्या मिरवणुकीत चालत होते.

इतिहासाची गंमत यापुढे आहे. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुण्याच्या नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना मांडली. नगरपालिकेने ती मान्य केली नाही आणि शहरात मोठे वादळ झाले. परंतु पुढे त्याच नगरपालिकेने, आचार्य अत्रे तेथे सभासद असताना, रे मार्केटचे नाव बदलून 'महात्मा फुले मंडई' केले. ज्या इमारतीच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव लागले! मुंबईतही १८६९ साली बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटला पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई असे नाव मिळाले. जोतीरावांना हे कळते तर ते काय म्हणाले असते? मला वाटते, त्यांनी पाटीशी अंगणवाडी नसलेल्या एखाद्या भाजीवालीला आधी विचारले असते, "बाई, तुझी मुलगी शाळेत जाते का?" आणि तिने "होय" म्हटले असते तरच पाटीवरचे नाव मान्य केले असते.

आज सभेत हात वर करायला बायकांना कोणाची परवानगी लागत नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. दारूच्या दुकानाविषयी तर २००८ सालच्या आदेशाने असे झाले की वॉर्डातल्या पाव हिस्सा स्त्री-मतदारांनी मागणी केली तर दुकान असावे की नसावे यावर मतदान घेता येते. ज्याला आपण 'आडवी बाटली' म्हणतो ते हेच. १८८० साली एका सभासदाने जे पत्रात लिहिले, ते आज गल्लीतली बाई मतपेटीत टाकू शकते. एवढा पल्ला आपण गाठला आहे. परंतु जागा निम्म्या मिळाल्या म्हणून मते आपोआप निर्भय होत नाहीत. आपल्या मंडळात तर सर्वच जागा स्त्रियांच्या आहेत, आणि तरी परवा एकच हात वर झाला.

आता माझ्या चुकीकडे येते. त्या सभेच्या इतिवृत्तात मी लिहिले होते : "वरील खर्चाचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला." सवयीने लिहिले. एका हातासाठी 'बहुमताने' असे कशाला लिहायचे, बरे दिसत नाही, असे वाटले. जोतीरावांचे मत विरुद्ध पडले त्या दिवशी इतिवृत्त लिहिणाऱ्यानेही असेच 'बरे दिसावे' म्हणून लिहिले असते, आणि ती गोष्ट कोणी लक्षात ठेवली नसती, तर आज आपल्याला काय कळले असते? एवढेच, की व्हाइसरॉय आले आणि नगरपालिकेने एक हजार रुपये दिले. त्या रुपयांचे दुसरे काही होऊ शकत होते, हे कोणालाच कळले नसते. ठराव हरतो, पण त्याविरुद्धचे मत लिहून ठेवलेले असले तर पुढच्या माणसाला तेथून सुरुवात करता येते. ते पुसले तर प्रत्येक पिढीला पुन्हा पहिल्यापासून एकटे पडावे लागते.

म्हणून मागील महिन्याच्या सभेत, आधीचे इतिवृत्त कायम करण्यापूर्वी, मी स्वतः उभी राहून दुरुस्ती सुचविली. 'सर्वानुमते' हा शब्द खोडून त्या जागी असे लिहिले : "ठराव बहुमताने मंजूर झाला. एक मत विरुद्ध. विरुद्ध मत देणाऱ्या सभासदांचे म्हणणे असे की, सदर रकमेतून प्रथम जिन्यास कठडा व दिवा करावा." अध्यक्षीणबाईंनी सही केली. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त घरी जाताना जिन्यात माझा हात धरून उतरल्या.

कमान झालेली आहे आणि ती सुंदर दिसते. ती पाहायला सर्वांनी यावेच. फक्त सभागृहातून खाली उतरताना भिंतीच्या बाजूने, जरा जपून उतरावे. पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय जिन्याचा आहे.